वॉशर-नटचं माप कॅमेऱ्याने घ्यायचंय, कुठलं मॉड्यूल घेऊ आणि कॅलिब्रेशन लागतंच का?

तुम्ही लिहिलंय की ईएसपी३२-कॅमवर (कॅमेरा लावलेला छोटा वायफाय बोर्ड) कडेचा वॉशर मधल्यापेक्षा वेगळ्या मापाचा दिसतो. म्हणजे तुम्हाला नुसतं बघायचं नाहीये, मोजायचंय, मग कॅलिब्रेशन (लेन्स चित्र किती वाकडं करते ते मोजून सुधारणं) लागणारच. दाराबाहेर कोण आलंय एवढंच बघायचं असतं तर ते बोर्ड मस्त आहे, ओव्ही२६४० सेन्सर, २ मेगापिक्सेल, स्वस्तात काम (फक्त ५ व्होल्टचा सप्लाय दमदार द्या नाहीतर वायफाय चालू झालं की रीसेट मारत बसतं). ओव्ही७६७० या कॅमेरा मॉड्यूलच्या नादी तर लागूच नका, अर्डुइनो ऊनो बोर्डाला रॅम २ केबी आणि ३२०×२४० ची एक रंगीत फ्रेमच दीड लाख बाइटची, मावणार कुठे?

मी रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) आणि त्याचं कॅमेरा मॉड्यूल २ वापरतो. जवळचं बघायला लेन्स हाताने थोडी फिरवावी लागते, एकदा जमलं की नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्की करा (बायकोची होती, बोलणी खाल्ली). मॉड्यूल ३ घेतलंत तर ऑटोफोकस बंद करून फोकस लॉक करा, फोकस हलला की कॅलिब्रेशन गेलं. आणि रास्पबेरी पाय ५ असेल तर केबल २२ पिनवाली लागते, मी ठाण्याहून लॅमिंग्टन रोडला त्यासाठी दुसरी चक्कर मारलीये.

आता कॅलिब्रेशनसाठी बुद्धिबळाचा पट, तो छापून त्याचे फोटो काढायचे. ओपनसीव्हीला (चित्रांवर काम करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) चौकोन नाही, आतले कोपरे सांगायचे असतात, १०×७ चौकोन असतील तर ९×६, नाहीतर त्याला पट सापडतच नाही. प्रिंट पट्टीने मोजा, झेरॉक्सवाल्याने फिट टू पेज केलं की २५ मिमीचा चौकोन २४ चा होतो. मी प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवली होती, जुलै महिना, कळव्याची दमट हवा, पुठ्ठ्याला पोक आलं आणि एरर (हिशोबाने येणारा कोपरा आणि फोटोतला कोपरा यांतला फरक) १.७ पिक्सेलच्या खाली येईना, दोन दिवस लेन्सला शिव्या घातल्या. शेवटी जुन्या फोटोफ्रेमची काच काढली, तिच्यावर चिकटवली (काचेखाली नको, चमकते), तिरके-आडवे, कडेकोपऱ्यातले वीसेक फोटो काढले, एरर ०.३ वर आला.

आणि हो, जाड नटचं वरचं तोंड कॅमेऱ्याला जवळ पडतं म्हणून मोठं दिसतं, ते कॅलिब्रेशनने जात नाही, नटची उंची धरूनच हिशोब करावा लागेल.