सासऱ्यांना फुल्डाला न्यायचंय, पण सरप्राइज नको

प्रश्न : ताई, माझे सासरे अमेरिकन आहेत. १९७४ ते १९७६ ते पश्चिम जर्मनीत फुल्डाला अमेरिकन लष्करात होते, अकराव्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये. सासूबाई गेल्यापासून ते गप्पगप्प असतात. फुल्डाचा विषय निघाला की तेवढे खुलतात. येत्या उन्हाळ्यात त्यांना काही न सांगता आम्ही तिकिटं काढणार आहोत आणि थेट त्यांच्या जुन्या बराकीसमोर नेऊन उभं करणार आहोत. आत सोडतील का? त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.
– एक वाचक, ओहायो

उत्तर : तिकिटं एवढ्यात काढू नका. फ्रँकफर्टला राहून मी पोटासाठी हेच करते, अमेरिकेतून येणाऱ्या माजी सैनिकांना त्यांच्या जुन्या ठाण्यांवर फिरवते. ज्यांना मुलं-सुना सरप्राइज म्हणून आणतात ते पाच मिनिटं इकडेतिकडे बघतात, 'सगळंच बदललंय' म्हणतात आणि बसायला बाक शोधतात. जे आपल्या दोन-तीन जुन्या सोबत्यांबरोबर येतात त्यांना मात्र जेवणाच्या वेळेची आठवण मला करून द्यावी लागते. गेट इथे होतं की त्या कोपऱ्यावर, सार्जंट कुणावर खेकसला होता, बर्फात रणगाडा कुणी रुतवला, यावर हमरीतुमरी चालते. सासऱ्यांना ही भांडणं मिळवून द्या. शहर काय, ते तिथेच आहे.

म्हणून आधी माणसं शोधा. त्यासाठी सासऱ्यांचा डीडी २१४, म्हणजे लष्करातून मुक्त झाल्याचा दाखला, बाहेर काढा. कपाटात नसेल तर सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मोफत मागवता येतो. पण माणूस हयात असेल तर अर्जावर सही त्याचीच लागते, तेव्हा तुमचं गुपित तिथेच फुटणार. फुटू द्या. दाखल्याबरोबर त्यांना ट्रूपचं, म्हणजे रेजिमेंटमधल्या त्यांच्या छोट्या तुकडीचं, अक्षरही विचारा. नुसतं 'अकरावी कॅव्हलरी' सांगून भागत नाही, हजारोंनी माणसं होती. ए ट्रूप, बी ट्रूप की टँक कंपनी, हे कळलं की शोध बराच आटोक्यात येतो. अशा रेजिमेंटांच्या माजी सैनिकांच्या संघटना असतात, त्यांचे मेळावे भरतात. तिथे एक जरी ओळखीचा निघाला तरी बाकीच्यांचे फोन नंबर त्याच्याकडून मिळतात. मग महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल ठरवून द्या. कॉल लावून दिलात की तुम्ही खोलीबाहेर जा. सुनेसमोर ही मंडळी सभ्य बोलतात आणि मग कसलीच मजा राहत नाही. एखाद्या जर्मन मुलीचं नाव निघालंच, तर तिला शोधायचं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता बराकीचं. ते ज्या डाउन्स बॅरेक्समध्ये राहिले असणार, तिथे आज लष्कर नाही. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने जर्मनीतली फौज झपाट्याने कमी केली. त्यात १९९४ साली ही रेजिमेंट जर्मनीतून गुंडाळली आणि ती जागा शहराने सामावून घेतली. जवळच्या सिकेल्सच्या लष्करी धावपट्टीवर तर फुल्डा-गॅलरी नावाची अख्खी वस्ती उभी आहे. आत सोडायला तिथे पहारेकरीच उरलेला नाही. दुसरीकडेही असंच आहे. वुर्त्सबुर्गच्या लेटन बॅरेक्सच्या जागेवर विद्यापीठाचे वर्ग भरतात आणि न्यूरेंबर्गच्या मेरेल बॅरेक्समध्ये स्थलांतरितांचं केंद्रीय कार्यालय बसतं. रामश्टाइन, ग्राफनव्योर, वीसबाडेन इथले तळ चालू आहेत. पण पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांचं ओळखपत्र वेगळं आणि दोन वर्षांची सेवा वेगळी. तुमच्या सासऱ्यांना तिथे आतल्या कुणीतरी पाहुणा म्हणून नोंदवून न्यावं लागेल. त्या खटपटीत पडू नका.

त्यांना पॉइंट अल्फा या सीमेवरच्या जुन्या अमेरिकन टेहळणी चौकीला न्या. फुल्डाहून गाडीने साधारण तीस किलोमीटर, राझडोर्फ आणि गाइझा या दोन गावांच्या मधल्या टेकडीवर. हेसन आणि थुरिंगिया या दोन राज्यांची हद्द तिथून जाते. तेव्हा ती पश्चिम आणि पूर्व जर्मनीची, म्हणजे दोन जगांची हद्द होती. सोव्हिएत रणगाडे आले तर फुल्डाच्या या खिंडारातूनच फ्रँकफर्टकडे उतरतील असा नाटोचा हिशेब होता, म्हणून फुल्डाच्या पोरांना इथे पाळीपाळीने पहाऱ्यावर पाठवत. अमेरिकन छावणी जपून ठेवली आहे, बराकी आणि टेहळणीचा मनोरा अजून उभे आहेत. एका गृहस्थांनी इथे खिशातून जुना रंगीत फोटो काढला, डोळ्यांसमोर धरला आणि मागची झाडं जुळेपर्यंत एकेक पाऊल बाजूला सरकत राहिले. झाडं काही जुळेनात, वाढली होती. शेवटी मनोऱ्याच्या पायावरून त्यांनी जागा नक्की केली, तिथेच उभे राहिले आणि मला म्हणाले, आता काढ. तुमच्या सासऱ्यांचे फोटो मोठे छापून न्या, मोबाइलवरचे उन्हात दिसत नाहीत.

माझा आग्रह आहे तो पुढच्या टप्प्याचा. छावणी बघून परत फिरू नका, खाली गाइझाला उतरा. सासऱ्यांनी हे गाव दुर्बिणीतून पाहिलं असणार, पाय ठेवायची मुभा नव्हती. तिकडच्या लोकांचे हाल तर आणखी होते. सीमेलगतचा सुमारे पाच किलोमीटरचा पट्टा पूर्व जर्मनीने बंद केला होता, राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर खास शिक्का असे आणि बाहेरगावच्या पाहुण्याला परवाना लागे. गावातल्या बाकावर त्यांना निवांत बसवा. शेजारी कुणी त्यांच्याच वयाचं येऊन बसलं तर दुभाष्याचं काम करायला माणूस सोबत ठेवा. त्या वयाच्या पूर्व जर्मनांना शाळेत रशियन शिकवलेलं असायचं, इंग्रजी बेताचंच असतं.

गुडघ्यांसाठी घडीची चाकाची खुर्ची घ्या. छावणी आणि सीमेवरचं संग्रहालय यांच्यामध्ये चालायचं अंतर आहे. फ्रँकफर्टहून फुल्डापर्यंत आयसीई रेल्वे तासाभरात पोचवते. चढ-उतारासाठी मदत हवी असेल तर जर्मन रेल्वेला एक दिवस आधी कळवायचं, पैसे पडत नाहीत. पुढे मात्र भाड्याची गाडीच बरी. आणि विमा विसरू नका. अमेरिकन मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, जर्मनीत चालत नाही. माजी सैनिकांच्या खात्याची परदेशातली योजना फक्त लष्करी सेवेतून जडलेल्या आणि तशा मान्य झालेल्या दुखण्यापुरती आहे. हॉटेलात पडून पाय मोडला तर बिल तुमच्या माथी.

विमानतळावर उतरलात की आणखी एक गंमत सांगा त्यांना. १९७४ साली ते बहुधा ऱ्हाइन-माइन या लष्करी तळावर उतरले असतील. तो २००५ साली बंद झाला आणि त्याच जमिनीवर फ्रँकफर्ट विमानतळाचं टर्मिनल तीन बांधलं.

प्रश्न : माझे दिवंगत सासरे १९५८-५९ मध्ये फ्रीडबर्गला अमेरिकन लष्करात होते, तेव्हा प्रसिद्ध गायक एल्विस प्रेस्लीही तिथेच होता म्हणे. १९५९ अखेर ते लष्करातून सुटले. त्यांची कागदपत्रं आगीत जळाली असं उत्तर आलं. आता काय करायचं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एल्विसचं खरं आहे. तो फ्रीडबर्गच्या रे बॅरेक्समध्ये नोकरी करायचा आणि राहायचा शेजारच्या बाड नाउहाइमला. आगीचंही खरं आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या त्याच केंद्राला आग लागली. १९१२ ते १९५९ या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. तरी हात टेकू नका. पगाराच्या शेवटच्या पावत्या आणि तुकड्यांचे रोजचे हजेरी-अहवाल वेगळीकडे असतात, त्यांवरून सेवा जुळवून देतात. तुकडी, गाव आणि अंदाजे महिने लिहून पुन्हा अर्ज करा. सही मात्र तुमच्या नवऱ्याची हवी, सून जवळच्या वारसांत धरत नाहीत.