आधी जमीन लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. पाकळीवरची लव न् लव दिसते, पण झाड कशात उभं आहे ते एकाही फोटोत नाही. वर विचारतेस, नाशकात आता नवं काय उरलंय, अरुणाचलला जाऊ का? जा की. पण तिथेही पाकळ्याच टिपणार असशील तर भाडं वाया.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या अगदी शेजारी रिंग माउंटन नावाची टेकडी आहे. तिथली एक लिली, कॅलोकॉर्टस टिब्युरोनेन्सिस, हिचं शास्त्रीय वर्णन थेट 1973 साली झालं. जगात दुसरीकडे कुठेच नाही ती. खालचा दगड सर्पेंटाइन: मॅग्नेशियम भरमसाट, कॅल्शियम कमी, शिवाय निकेल. बहुतेक झाडं तिथे हात टेकतात. जी तगतात त्यांना ती जागा जवळपास आंदण मिळते.

आपल्याकडे बेसॉल्ट. म्हणून काय झालं? नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर भाविकांची रीघ असते, तरी तिथली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदाची रानवनस्पती नवी जात म्हणून जाहीर व्हायला 2006 उजाडलं. पावसाळ्यात पठारावर गुडघे टेकून बस. कातळाच्या खळग्यात पेरभर माती, नत्राच्या नावाने ठणठणाट. सीतेची आसवं तिथेच फुलतात, कारण ती किडे धरून नत्राची सोय लावतात. हातभर पलीकडे माती खोल झाली की गवताचं राज्य. ती हातभरावरची रेघ मला तुझ्या वहीत हवी. मातीची खोली, पाणी साचतं की वाहून जातं, उतार कुठल्या अंगाला. जमीन लिही गं. नाव काय, नंतर कुणीही लावेल. आणि उन्हाळ्यात जाऊन ‘काही आढळले नाही’ असं लिहू नकोस. सेरोपेजिया तेव्हा कंद होऊन जमिनीखाली बसलेली असते.

लोक म्हणतात, याच्या वह्यांत नुसती माती, शोधनिबंध एकही नाही. खरंय. एखाद्या झाडाच्या शास्त्रीय नावापुढे आपलं नाव लागावं असं मलाही वाटायचं, अजून वाटतं. पण माझ्या माहितीतला एक उतार खडीसाठी फोडला गेला. तिथे काय, कशात उगवत होतं, ते आता त्या वह्यांतच आहे. मग हसणाऱ्यांनी... जाऊ दे. पत्र तुझ्यासाठी आहे.

मोबाइलचं लोकेशन मात्र बंद ठेव. कंद उपटणाऱ्यांना पत्ता आपण का द्यायचा? मी जागा सांगत नाही म्हणून मला खडूस म्हणतात. म्हणोत.

श्रावणात ये. कॅमेरा राहू दे घरी. पट्टी आण, आणि गुडघ्याखाली घ्यायला गोणपाट.

तुझा,
काका