मोकळं करणारं पत्र

"मावशी, आमचा साखरपुडा झालाय. तो पुढच्या महिन्यात जहाजावर जातोय, सात महिन्यांसाठी. व्हिक्टोरियन काळातल्या कादंबऱ्या वाचून वाटतं, आपला निरोपही तसाच व्हावा. 'मी तुला वचनातून मोकळं करते' असं पत्र लिहून ठेवलंय, निघताना हातात देणार. तो म्हणतो, विमानतळावरही येऊ नकोस. चुकतंय कुणाचं?"

अगं, पत्राचं चुकतंय.

त्या काळच्या इंग्लंडात लग्न ठरवून पुरुष मागे फिरला, तर मुलगी त्याला कोर्टात खेचून भरपाई मागू शकायची. तो कायदा थेट १९७० मध्ये गेला. त्यामुळे तिनं "मोकळं करते" म्हणणं म्हणजे हातातला हक्क सोडणं होतं. तू काय सोडते आहेस? तुला त्याच्या तोंडून "नाही, मला मोकळं व्हायचंच नाही" एवढंच ऐकायचंय. मग ते सरळ विचार की! निघायच्या घाईत, पासपोर्ट शोधणाऱ्या माणसाच्या हातात असा लिफाफा देतात का?

खरा निरोप सांगते. थॉमस हक्सले, पुढे डार्विनची बाजू लढवून गाजलेला, तेव्हा 'रॅटलस्नेक' या नौदलाच्या जहाजावर साहाय्यक सर्जन होता. १८४७ मध्ये सिडनीत त्याचं हेन्रिएटा हीथॉर्नशी लग्न ठरलं. मे १८५० मध्ये जहाज इंग्लंडला निघालं, ती तिथेच राहिली. पुन्हा भेट झाली १८५५ मध्ये! ऑस्ट्रेलियाला तारही १८७२ मध्ये पोचली, म्हणजे सगळी भिस्त जहाजातून महिनोन् महिने प्रवास करणाऱ्या पत्रांवर. "ताप उतरला का?" असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत ताप कुणाला आला होता तेच विसरावं. (माझे हे मस्कतला असताना मी एकदा एरोग्रामवर चांगली पानभर रुसले होते. त्यांची माफी आली तेव्हा मला रुसव्याचं कारण आठवेना. त्यांनाही विचारायची सोय नव्हती.)

आणि ती पाच वर्षं अडली कशात? पैशात. १८५१ मध्ये त्याला रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेनं सदस्य करून घेतलं, पुढच्या वर्षी पदक दिलं, पण घर चालेल असा पगार कुठे मिळेना. टोरांटोची प्राध्यापकी हुकली. १८५४ मध्ये लंडनच्या सरकारी खाणविद्यालयात नोकरी लागली, तेव्हा कुठे लग्नाचं बोलता आलं. ती पोचली तीही इतकी आजारी, की डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यानं तरी लग्न केलं. ती १९१४ पर्यंत जगली, नवऱ्यामागे एकोणीस वर्षं.

तेव्हा जायच्या आधी एक संध्याकाळ दोघं बसा आणि रुक्ष गोष्टी बोला. लग्नानंतर राहायचं कुठे, घराचा हप्ता कोण भरणार, जहाजावर नेट नसेल तेव्हा किती दिवस काळजी करायची नाही. कार्यालय त्याच्या परतीच्या तारखेला चिकटून घेऊ नकोस, महिनाभर तरी मोकळा ठेव. बदली माणूस वेळेवर आला नाही तर हा समुद्रातच असेल आणि मांडवात तू एकटी. आठवण म्हणून काही द्यायचंच असेल तर त्या काळी केसांची बट लॉकेटात घालून द्यायचे. तुला झेपत असेल तर दे, मी हसणार नाही.

पत्र फाड. आणि विमानतळाचं म्हणशील, तर त्याच्या आईला फोन कर. त्या सोडायला जाणार असतील तर त्यांच्याच गाडीत मागे बस. त्याला आधी सांगू नकोस.

– तुझी मावशी