१.० की ३.०? आवृत्तीचा क्रमांक आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

शिरोली एमआयडीसीतील फौंड्रींसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी) तुम्ही साठ्याच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले आहे, आणि १.० हा आकडा पाहून मालक बिचकतील म्हणून ते ३.० या क्रमांकाने विकावे का, असे तुम्ही विचारले आहे. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची भीती मात्र खोटी नाही.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गूळ अडत्यांसाठी पट्टी (शेतकऱ्याला द्यायची विक्रीची हिशेबचिठ्ठी) आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर केले, तेव्हा पहिल्याच अडत्याने १.० पाहून "आधी दुसरीकडं चालू दे, मग बघू" असे सांगून मला परत पाठवले. त्यांचे चुकले नव्हते. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यानंतर हंगाम भरात आला की एक दिवस जरी संगणक अडला, तरी शेतकऱ्यांच्या पट्ट्या अडकतात, आणि नव्या सॉफ्टवेअरमधल्या चुका आपल्या दुकानात निस्तरायला कोणीही तयार नसतो. मी एकही ओळ न बदलता त्याचे ४.० केले आणि दोन अडत्यांनी ते घेतलेही. तिसऱ्याने मात्र "३ कुणाकडं चालू होतं? नाव सांगा, फोन लावतो" असे विचारले, आणि माझ्याकडे सांगायला नाव नव्हते. दुकानाला दुकान लागून असलेल्या बाजारात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत आधीच्या दोघांनाही कळली, आणि तो डाग पुसायला मला पुढचे दोन हंगाम लागले.

मोठ्या कंपन्यांनीही हे केले आहे. डीबेस २ या गाजलेल्या डेटाबेसची १ क्रमांकाची आवृत्ती कधी निघालीच नव्हती; उत्पादन मुरलेले वाटावे म्हणून अ‍ॅश्टन-टेट कंपनीने थेट २ हा आकडा घेतला. परंतु त्यामागे वेन रॅटलिफ यांचा व्हल्कन हा आधीच विकला जात असलेला प्रोग्रॅम होता, म्हणजे आकडा फुगवलेला असला तरी वापराचा अनुभव खरा होता. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोजवरील वर्ड २ वरून एकदम ६ वर नेले, त्यामागे डॉस या जुन्या प्रणालीवरील वर्डशी क्रमांक जुळवणे आणि वर्डपरफेक्ट ६ या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरच्या शेजारी मागे न दिसणे, ही कारणे होती. तेथे ग्राहक कंपनीला आधीपासून ओळखत होता. आपल्याला तसे कोणी ओळखत नाही, हा फरक फार मोठा आहे.

उलट उदाहरण आपल्या प्रत्येक हिशेबनिसाला ठाऊक आहे. टॅली ७.२, टॅली ९ आणि टॅली ईआरपी ९ असा प्रवास झाल्यावर २०२० मध्ये टॅली प्राइम आले, आणि त्याच्या आवृत्त्यांची मोजणी पुन्हा १ पासून सुरू झाली. आकडा लहान झाला म्हणून लोकांनी टॅली सोडले नाही, कारण विश्वास नावावर आणि इतक्या वर्षांच्या वापरावर होता. फायरफॉक्स या ब्राउझरची तर २०११ पासून काही आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली, आणि आज आपण कितवी वापरतो हे बहुतेकांना सांगताही येणार नाही.

एकदा सॉफ्टवेअर दुकानात बसले की गिऱ्हाईक पहिल्या आकड्यापेक्षा टिंबानंतरचे आकडे पाहू लागते, हा माझा अनुभव आहे. १.४.२ चे १.४.३ झाले आणि सांगितलेली चूक खरोखर दुरुस्त झाली, तर मालकाच्या मनात तुमची पत वाढते. १ चे २ झाले, तर मात्र दिवाणजीला पुन्हा शिकवावे लागेल का आणि पुन्हा पैसे पडतील का, हेच तो आधी विचारतो. म्हणून पहिला आकडा जपून वाढवावा.

तुम्ही सध्या ०.९ या क्रमांकाने दोन फौंड्रींना कमी दरात सॉफ्टवेअर द्या, ते अपुरे आहे हे आधीच सांगा, आणि ३१ मार्चची साठामोजणी त्यावर एकदा पार पडू द्या. कच्चे लोखंड, स्क्रॅप आणि तयार कास्टिंग यांचा मेळ बसला की मगच १.० म्हणा. पडद्यावर क्रमांकाशेजारी तारीख आणि काय बदलले ते मराठीत लिहा, आणि त्या दोन्ही मालकांना विचारून त्यांचे फोन नंबर तिसऱ्या गिऱ्हाइकासाठी तयार ठेवा.