टँकरच्या रांगेतलं इंग्रजी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. "सर, आठवीची पोरं इंग्रजीच्या तासाला दगडासारखी बसतात, काय करू?" एवढंच लिहिलंस, पण वेळ रात्री साडेबाराची होती, त्यावरून काय ते समजलो. फोन केला असता, पण फोनवर मी भाषण ठोकतो आणि तू "हो सर, हो सर" करतेस. म्हणून हे पत्र. बत्तीस वर्षं लातूर जिल्ह्यात हाच विषय शिकवला, त्यातली बरीचशी चुका करण्यात गेली. सगळ्यात मोठी आधी सांगून टाकतो.

२०१६ साल तुला आठवत असेलच. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते. पाण्याची पहिली गाडी एप्रिलात आली. त्याच्या महिनाभर आधी मी आठवीला सरावासाठी निबंध दिला, 'अ रेनी डे'. का दिला? पेपरात येतो म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. त्रेचाळीस वह्या जमा झाल्या. सदतीस वह्यांत एकच पहिलं वाक्य, एकच मोर, तेच इंद्रधनुष्य आणि त्याच कागदाच्या होड्या. गाईडमधलं पान पोरांनी इमानेइतबारे उतरवलं होतं. घरी हंडे कोरडे होते आणि वहीत मोर नाचत होता.

एका पोरीच्या वहीत मात्र चारच वाक्यं होती. अजून पाठ आहेत मला. "टँकर कम. आय रन. माय घागर नंबर सेव्हन. वॉटर फिनिश ऑन नंबर सिक्स."

खाली मी लाल शाईनं लिहिलं, "विषय सोडून. व्याकरण सुधारा." दहापैकी दोन. मोरवाल्यांना सात-सात.

पुढच्या निबंधाला तिच्याही वहीत मोर आला. मी शाबासकीही दिली. चूक कळली ती पुढच्या वर्षी, जुन्या वह्या रद्दीत घालताना, पान उघडं पडलं तेव्हा. तोवर ती नववीला दुसऱ्या शाळेत गेली होती. कुठल्या, तेही मी विचारलं नव्हतं.

आता ती वही माझ्यासमोर आली तर काय करीन, ते नीट सांगतो, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. आधी तिला शेजारी बसवून मराठीत विचारीन, सहाव्या नंबरला कोण होतं गं? तुझी घागर रिकामी राहिली मग काय केलंस? घरी आई काय म्हणाली? ती पाच मिनिटं बोलेल. त्यातून अजून दोन वाक्यं निघतील. मग म्हणीन, हे सगळं काल झालं ना? मग 'कम'चं 'केम' कर, 'रन'चं 'रॅन', 'फिनिश'चं 'फिनिश्ड'. बस, त्या दिवशी तेवढंच. 'वॉज' राहिलं, 'ऑन' चुकलं, ते पुढच्या आठवड्यात बघू. आणि 'घागर' घागरच राहू दे. शब्दकोशातला 'पिचर' डोक्यावर घेऊन आपल्याकडं कुणी टँकरच्या मागं पळत नाही.

एका वहीत एका वेळी एकाच जातीची चूक धर. आज फक्त भूतकाळ. बाकीच्या चुका दिसल्या तरी पेन उचलायचं नाही. हे अवघड आहे, हात शिवशिवतात. पालकसभेत कुणीतरी म्हणेलच, मॅडमना चुका दिसत नाहीत का. म्हणू दे. सगळी वही लाल केली की पोरगं पुढच्या खेपेला गाईडच्या आडोशाला जातं. तिथं त्याला कुणी मारत नाही.

आता तुझ्या दगडांविषयी. पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. फळ्याचे दोन भाग कर आणि विचार, घरात, शेतात, रस्त्यावर इंग्रजी शब्द कोणते कोणते बोलता? आधी कुणी बोलणार नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी 'मोटर' म्हणेल. त्याच्यामागं स्टार्टर, फेज, डीपी, फॉल्ट, लोडशेडिंग, रिचार्ज, बॅलन्स. ऊसतोडीला जाऊन आलेली पोरं ट्रॉली, फॅक्टरी, चिटबॉय सांगतील. माझ्या एका वर्गात अर्ध्या तासात फळा भरला होता आणि 'मला इंग्रजी येत नाही' म्हणणारा गडी 'सिंगल फेज' आणि 'थ्री फेज'मधला फरक मला समजावून सांगत होता. मग त्यातल्याच एका शब्दाचं वाक्य करायला लाव. 'द मोटर इज ऑन द वेल.' झालं की.

व्याकरणाचंही तसंच. चालू वर्तमानकाळ शिकवताना मी कित्येक वर्षं 'मी जेवत आहे, तो जात आहे' असं फळ्यावर लिहायचो. आपली पोरं असं बोलतच नाहीत. ती म्हणतात मी जेवायलो, तो जायलाय, आई धुणं धुवायलीय. म्हणजे आपण पोरांना एका तासात दोन परक्या भाषा शिकवतो, एक पुण्याची आणि एक लंडनची. एकदा सरळ लिहिलं, 'मी जेवायलो, आय ॲम ईटिंग.' वर्ग हसला, आणि त्या दिवसानंतर त्या काळाची चूक निम्म्यावर आली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून शुद्ध मराठीचा आग्रह धरायला सांगितलं, ते वेगळं.

माझे वडील चौथीपर्यंत निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि पुढचं शिक्षण मराठीतून. ते सांगायचे, उर्दूत मी हुशार होतो, मराठीत एका रात्रीत ढ झालो, आणि डोकं तर तेच होतं. पोरगं पाचवी-सहावीला गप्प बसायला लागलं की मला हे आठवतं.

कवितेकडं येतो. तू लिहिलं नाहीस, पण कवितेच्या तासाला तुला धडकी भरत असणार. मलाही भरायची. आपण ओळ वाचतो, अर्थ सांगतो, पुढची ओळ, तिचा अर्थ. शेवटी राइम स्कीम, दोन फिगर ऑफ स्पीच आणि दहावीला उपयोगी पडेल असा 'ॲप्रिसिएशन'चा साचा. त्यात कविता कुठंच येत नाही.

वर्ड्सवर्थची 'द सॉलिटरी रीपर' घे. तुझ्या पुस्तकात असो नसो, बत्तीस ओळींची आहे, दोन तास काढ. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एक पोरगी एकटीच कापणी करतेय आणि गातेय. खरी मजा पुढं आहे. ती गातेय तिच्या गेलिक भाषेत आणि ऐकणाऱ्याला तिचा एक शब्द कळत नाही. तो चक्क विचारतो की ही काय गातेय ते कुणी सांगेल का मला? मग नुसते अंदाज बांधतो, जुन्या लढायांचं असेल, नाहीतर रोजचंच काही दुःख असेल. इंग्रजीतला एवढा मोठा कवी आणि न कळणाऱ्या गाण्यासमोर आपल्या आठवीच्या पोरासारखा उभा आहे. हे सांगितल्यावर वर्गातली हवा बदलते, बघ.

माझ्या वर्गात तांड्यावरच्या दोन मुली होत्या. मी आधी कविता नुसती दोनदा मोठ्यानं वाचली, अर्थ सांगितला नाही. मग त्यातल्या एकीला म्हटलं, तुझ्या आजीचं एखादं गाणं म्हण. खूप आढेवेढे घेतले, मग भिंतीकडं तोंड करून तिनं गोरमाटीतल्या, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतल्या, चार ओळी म्हटल्या. वर्ग चिडीचूप. कुणाला काही कळलं नव्हतं. म्हटलं, आता तुम्ही वर्ड्सवर्थ. सांगा, काय असेल? कुणी म्हणालं देवाचं, कुणी म्हणालं पावसाचं. एक पोरगा म्हणाला, "सर, कोणीतरी दूर जायलंय." ती पोरगी गर्रकन वळली. नवरी सासरी निघताना म्हणतात ते गाणं होतं. त्यानंतर मला 'थीम ऑफ द पोएम' वेगळी सांगावी लागली नाही. सूर खालावतो तिथं शब्दाच्या आधीच काहीतरी पोचतं, हे पोरांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. मग शब्दार्थ विचारायला पोरंच पुढं आली.

याच कवितेतून दुसऱ्या दिवशी लेखनाकडं जाता येतं. वर्ड्सवर्थनं १८०३ साली स्कॉटलंडचा दौरा केला होता, पण ही कविता सुचली ती मित्राच्या स्कॉटलंड-प्रवासाच्या हस्तलिखितातल्या एका वाक्यावरून. तिची शेवटची ओळ तर त्यातूनच जशीच्या तशी उचललेली आहे. आणि हे त्यानंच १८०७ च्या पुस्तकात टीप घालून सांगून टाकलंय. हे ऐकल्यावर माझ्या वर्गातला एक इरसाल पोरगा ओरडला, "म्हणजे त्यानं पण गाईड वापरलं!" मी म्हटलं, वापरलं. एक ओळ घेतली, नाव सांगितलं, बाकीच्या एकतीस आपल्या लिहिल्या. तुम्हीही तसंच करा. गाईडमधलं एक वाक्य घ्या, त्याखाली रेघ ओढा, आणि उरलेली पाच तुमची. गाईड जप्त करून मला कधी जमलं नव्हतं ते या सौद्यानं बऱ्यापैकी जमलं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. काही पोरं रेघ ओढायला विसरायची, सोयीस्करपणे.

तुझं स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे असं तुला वाटतं, हे मला न लिहिताच कळलं. आपण सगळे मराठी माध्यमातून वर आलेलो, चूक होणारच. माझं ऐक. 'टीओएमबी' याचा उच्चार मी सहा वर्षं 'टॉम्ब' असा शिकवला. मग सहल घेऊन औरंगाबादला बीबी का मकबरा बघायला गेलो. तिथं एक वाटाड्या परदेशी पाहुण्यांना माहिती देत होता, आणि त्याच्या तोंडून 'टूम', 'टूम' असं स्वच्छ ऐकू आलं. माझ्या चाळीस पोरांनी एकदम माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हटलं, काल आपण सगळे बरोबर शिकलो, मीसुद्धा. त्यानंतर पोरं माझ्या चुका शोधायला शब्दकोश उघडायला लागली. वर्गातला शब्दकोश फाटला, तेवढा वापरला गेला. तू एक कर, रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाच. घरी कुणी हसलं तर दार लाव.

परीक्षेचं थोडक्यात. पत्रलेखन, जाहिरात, संवाद, उताऱ्यावरचे प्रश्न, यांचे साचे असतात आणि ते पाठ करून घ्यावेच लागतात. त्यात लाज नाही. पण ते जानेवारीत सुरू कर. जूनपासून साचेच दिले तर आठवीचं पोरगं इंग्रजी म्हणजे अर्ज लिहायची भाषा समजतं. निकालाचा तगादा येईल, ऑनलाइन माहित्या भरायच्या असतील, त्यातच तुझा अर्धा जीव जाईल. तिथं मी काही सांगू शकत नाही, आम्हालाही त्यातून सुटका नव्हती.

आठवड्यातून एक दिवस, शुक्रवार म्हण, पाच ओळींचा ठेव. काल पाहिलेलं एक काहीतरी, पाच ओळी, गुण नाहीत. शब्द अडला तर मराठी लिहायची मुभा. विषय तू द्यायचा नाहीस. पहिले तीन शुक्रवार 'आय गेट अप ॲट सिक्स' हेच येईल. चौथ्याला कुणाचीतरी शेळी वितेल, कुणाचं भांडण होईल. त्या वह्या वाचून दाखव, पण ज्याची त्याची परवानगी घेऊन. तेरा-चौदा वर्षांची पोरं मोठी नाजूक असतात. एकदा एका मुलीचं बापाच्या दारूवरचं लिखाण मी न विचारता वाचलं होतं, ते अजून खुपतं.

तुझं गाव बालाघाटच्या डोंगरात, म्हणजे दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापाच्या कोयत्यामागं ऊसतोडीला जाणार. काही पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतील, बाकीची एप्रिलपर्यंत कोप्यांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत. येतील तेव्हा जूनमधलं इंग्रजी विसरलेली असतील, आणि आपण त्यांना मागे पडलेली म्हणून मागच्या बाकावर बसवतो. जाताना प्रत्येकाच्या हातात एक चाळीस पानी वही दे. आठवड्याला पाच ओळी, जमेल तेवढं इंग्रजी, नाही तर मराठी. कुणाच्या बापाकडं मोबाइल असेल तर पानाचा फोटो पाठवायला सांग. माझ्या वर्गातून अशा अकरा वह्या गेल्या होत्या, चार परत आल्या. त्यातली एक पाचटाला लागलेल्या आगीवर होती, दीड पान, स्पेलिंगं सगळी चुकलेली. कपाटात आहे, आलीस की दाखवतो.

तर या वर्षी किती पोरं जाणार आहेत, तो आकडा दसऱ्यापर्यंत कळव. वह्या मी इथून घेऊन ठेवतो, एसटीनं पाठवता येतील. आणि आईला सांग, गुडघ्याचं तेल मिळालं.

तुझा,
सर