मीरा कुमार यांची कारकीर्द केवळ वडिलांच्या नावावर उभी राहिली का?

तुम्ही विचारलंय की मीरा कुमार परराष्ट्र सेवा सोडून राजकारणात आल्या खऱ्या, पण माजी उपपंतप्रधान बाबू जगजीवन राम यांची मुलगी नसत्या तर त्यांना कोणी विचारलं असतं का? मी नागपूरच्या इंदोऱ्यात, म्हणजे दलित वस्तीत वाढले. आमच्या घरी या बाईंवरून बरेच वाद झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावाचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण परराष्ट्र सेवेत त्या 1973 साली गेल्या, लग्न झाल्यावर. ही सेवा तेव्हा बायकांना किती नकोशी करून ठेवली होती ते बघा. विवाहित बाईला नेमणुकीचा हक्क नाही, नोकरीत असताना लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी घ्या, असे 1961 चे नियम होते. याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तो निकाल 1979 चा. अशा सेवेत मीरा कुमार बारा वर्षं राहिल्या. माद्रिद, लंडन, मॉरिशस अशा नेमणुका केल्या, स्पॅनिश शिकल्या.

1985 मध्ये राजीनामा देऊन त्यांनी उत्तर प्रदेशात बिजनौरची पोटनिवडणूक लढवली, काँग्रेसच्या तिकिटावर. वडील तेव्हा काँग्रेसमध्ये नव्हते, स्वतःचा वेगळा पक्ष काढून सासाराममधून खासदार होते. आणि समोर कोण, तर रामविलास पासवान आणि मायावती! दोघांना हरवून त्या लोकसभेत गेल्या. पुढे दिल्लीच्या करोल बागेतून दोनदा, मग 2004 आणि 2009 ला वडिलांच्या सासाराममधून निवडून आल्या. त्याच सासारामने 2014 ला आणि 2019 ला त्यांना पाडलं. नाव पुरेसं असतं तर हे झालं नसतं.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. सामाजिक न्यायमंत्री असताना त्यांनी आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आणला, 2007 चा. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना दोन्ही मुलं विचारत नव्हती. त्यांनी या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. अर्ज मीच लिहून दिला होता. वकील लागला नाही, दर महिन्याची रक्कम सुरू झाली. त्यांना मीरा कुमार हे नावसुद्धा माहीत नव्हतं.

3 जून 2009 ला त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, बिनविरोध. त्या खुर्चीवर पहिलीच बाई, आणि दलित घरातली. (त्यांच्यानंतर सुमित्रा महाजन आल्या, म्हणजे लागोपाठ दोन बायका.) माझी आजी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. सतरा वर्षांची असताना ती नागपुरात मोहन पार्कातल्या दलित महिला परिषदेला गेली होती. 20 जुलै 1942, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेबांचं भाषण, हे सगळं तिला पाठ होतं. सभागृहात गोंधळ चालायचा आणि मीरा कुमार त्याच मऊ आवाजात ‘बैठ जाइए’ म्हणत राहायच्या. आजी टीव्हीसमोरून हलायची नाही. म्हणायची, "कशी वं बोलते ही बाई, आवाज तं चढतच नाही!" माझ्या भावाला तो कमकुवतपणा वाटायचा. मला नाही वाटत. परक्या देशात समोरच्याचं ऐकून घेत आपलं म्हणणं न सोडण्याची सवय बारा वर्षांत अंगात मुरते, ती त्या खुर्चीत दिसायची. फेब्रुवारी 2014 मध्ये वेगळ्या तेलंगणा राज्याच्या विधेयकावेळी सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला गेला, तेव्हा ती सवय पुरी पडली नाही, हेही खरं.

2017 ला त्या राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या. दोन्ही उमेदवार दलित म्हणून सगळे जातीवरच बोलत होते. जात गाठोड्यात बांधून जमिनीत पुरून टाका, असं त्यांनी उघड सांगितलं. आकडे विरोधात आहेत हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी त्या राज्याराज्यांत जाऊन मतं मागत फिरल्या. रामनाथ कोविंद जिंकले, मीरा कुमार यांना 34 टक्के मतं पडली.

मतमोजणी 20 जुलैला झाली. मोहन पार्कातल्या त्या परिषदेला त्या दिवशी बरोबर 75 वर्षं झाली होती. आजी तेव्हा नव्हती, निकाल मी एकटीनेच पाहिला.