कोडिंगसाठी बूटकॅम्प (फी भरून करायचा, काही महिन्यांचा कोर्स) लावू की घरीच शिकू?

अरे फी भरायची घाई नको करूस, आधी महिनाभर फुकटातले ऑनलाइन कोर्स करून बघ. फ्रीकोडकॅम्प आहे, हार्वर्डचा सीएस५० आहे, ओडिन प्रोजेक्ट आहे, आणि बूटकॅम्पमधे वेबसाइट बनवायला लागणारं जे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, गिट शिकवतात ते बहुतेक सगळं या ठिकाणी मिळतंच. म्हणजे पैसे जातात ते माहितीसाठी नाही, तर कोणीतरी रोज मागे लागावं, अडलं की विचारायला माणूस असावं आणि आपला कोड कोणीतरी वाचून चुका दाखवाव्यात यासाठी, आणि हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं कारण एकट्याने शिकताना कोड चालला की आपण पुढे पळतो, तो वाचण्यासारखा झालाय का हे सांगणारं कोणी नसतं.

महिनाभरात बघ, ब्राउझरच्या कन्सोलमधे (कोडमधल्या चुका दिसतात ती जागा) लाल अक्षरात "अनडिफाइन्ड इज नॉट अ फंक्शन" असा एरर आला की तू लाइन नंबर बघून शोधत बसतोस की लगेच दुसरा व्हिडिओ लावतोस? शोधत बसत असशील तर घरीच शिक, खरंच जमेल. रोज टाळाटाळ होत असेल तर बूटकॅम्पचा विचार कर, त्यात कमीपणा काहीच नाही.

पण सही करण्याआधी करार नीट वाच बाबा! मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतात, आणि "९०% प्लेसमेंट" म्हणतात ते नक्की कशाचे, सगळ्या प्रवेश घेतलेल्यांचे की फक्त कोर्स पूर्ण केलेल्यांचे, हे लेखी माग. नाही दिलं तर तिथे जाऊच नकोस.